यकृत पुन्हा वाढतं म्हणे

हे वाचून धीर येईल असं मी कोणाला सांगत नाही. आजारातून उठलेल्या लोकांची पुस्तकं मी दवाखान्यात पुष्कळ वाचली. शेवटच्या पानावर सगळे सकाळी फिरायला जातात. मी जात नाही. अंगणातल्या बाजेवरून उठून न्हाणीपर्यंत जाते आणि तेवढ्यातच दमते. तरी लिहायला बसले, कारण यकृताचा कॅन्सर एकदा कापून काढल्यावर तो परत आला तर पुढे काय करतात, हे मला सांगणारं आमच्या भागात कोणी नव्हतं. डॉक्टर सांगतात, नाही असं नाही. पण डॉक्टर सांगतात तेव्हा आपले कान जाग्यावर नसतात.

मी अंगणवाडी सेविका. गाव केळापूर तालुक्यातलं, पांढरकवड्याहून आत. शीतलचे बाबा वणीला एका जिनिंगमध्ये आलेल्या कापसाची प्रत ठरवायच्या कामावर. शीतल ही आमची एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरी करते. एवढीच माणसं या गोष्टीत आहेत, आणि माझा एक भाऊ.

पहिली गाठ आणि गावाची कलेजी

पहिल्यांदा उजव्या कुशीत दुखायचं. मी पित्ताच्या गोळ्या खाऊन दिवस काढले. शेवटी नागपूरला तपासलं तर यकृतात गाठ. आयुष्यात दारूला शिवले नाही, तरी यकृताचं नाव निघालं की लोक आधी माझ्याकडे बघत आणि मग शीतलच्या बाबांकडे. त्यांनाही सुपारीपलीकडे काही लागत नाही. मग लोकांची पंचाईत होई.

रक्तात कावीळ निघाली, बी नावाची. कावीळ म्हटलं की डोळे पिवळे होतात एवढंच मला माहीत होतं. ही तशी नव्हती. वर्षानुवर्षं अंगात गुपचूप बसून राहिली आणि आतून यकृत खात राहिली. कुठून आली ते कळलं नाही. डॉक्टरांनी माझ्या हातावरचं गोंदण पाहून लहानपणचं विचारलं. माझ्या वडिलांनी बुद्धाला शरण जाताना घरातले सगळे देव नदीत सोडले, पण आईने गोंदण सोडलं नाही. बाजारात गोंदणारी बसायची आणि आम्ही पोरी ओळीने हात पुढे करायचो. सुयांची जुडी एकच. त्यातून आली असेल, किंवा माझ्या आईकडून जन्मतानाच आली असेल. आई आता नाही, विचारणार कोणाला?

नागपूरला यकृताचा गाठीकडचा भाग कापून काढला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, यकृत हा एकच अवयव असा आहे की कापला तरी पुन्हा वाढतो. शीतलच्या बाबांनी हे वाक्य गावात नेऊन सांगितलं आणि गावाने त्याचा आपला अर्थ काढला. आमच्याकडे जे अंगातून गेलं ते खाऊन भरून काढतात. रविवारी बकरा पडला आणि वाटे घातले की माझ्यासाठी कलेजी आधीच बाजूला निघू लागली. बकऱ्याला कलेजी एकच, खाणारी तोंडं किती, तरी कोणी कुरकुर केली नाही. शेजारच्या कांताबाई झाकण लावून डबा आणत आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहत. मला त्या वासानेच मळमळायचं. पण त्या आजारपणात कोणी मला माया दिली असेल तर ती त्या डब्यातून, हे सांगायलाच हवं.

जीपमध्ये आडवी

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड फोडलं की आत कापसाऐवजी गुलाबी अळी, आणि जो निघाला तो सगळा डागी, हलक्या प्रतीचा, म्हणजे कवडी. जिनिंग अर्धा हंगाम बंदच. माणसं फवारणीला जात आणि लाल डोळ्यांनी परत येत. काही दवाखान्यातून परत आलीच नाहीत. काहींनी फवारायचं औषधच पिऊन टाकलं. त्या वर्षी आमच्याकडे जीपमध्ये कोणी आडवं दिसलं की काय झालं हे कोणी विचारत नसे.

मी अंगणवाडीत मुलांची वजनं घेत होते. डोळ्यांपुढे अंधारी आली, उलटी झाली आणि खाली बसले ती उठलेच नाही. लोकांनी मला जीपमध्ये घातलं. वाटेत कोणीतरी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला, हे मला स्पष्ट आठवतं. दवाखान्यात पोचले तर बातमी माझ्या आधी पोचलेली. मला विषबाधेच्या वॉर्डात टाकलं. शेजारच्या खाटेवर एक माणूस हात बांधून ठेवलेला, सारखा हवेत काहीतरी पकडायला बघत होता. थोड्या वेळाने पोलीस जबाब घ्यायला आला. मी काही प्यायले नाही, असं मी त्याला तीनदा सांगितलं. तो दमलेला होता, आवाज चढवत नव्हता. म्हणाला, "बाई, इथं सगळे असंच म्हनतात."

यात हसण्यासारखं आहे, मी नंतर हसलेही. पण शीतलचे बाबा वणीहून आले, खाटेशी उभे राहिले आणि त्यांनी पहिला शब्द काढला तो असा, "काहून केलं वं असं?" माझ्यासोबत एवढी वर्षं काढलेल्या माणसालाही ते खरं वाटलं होतं. त्यांचा चेहरा बघून मी रागवायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी यवतमाळला सोनोग्राफी झाली. शीतलचे बाबा बाहेर जाऊन जमलेल्या लोकांना म्हणाले, "औषध नाई पेली. गाठच हाय, परत आली." आणि लोकांना हायसं वाटलं. खरंच वाटलं, मी दारातून पाहिलं. कॅन्सर परत आल्याने कोणाला बरं वाटल्याचं मी तेवढंच पाहिलं.

गावी आल्यावर कांताबाई आल्या, डब्याशिवाय. पदराशी चाळा करत म्हणाल्या, "बाई, खरं सांगा. आमच्या कलेजीनंच तं नाई ना वाढली गाठ?" यकृत वाढावं म्हणून जे खाऊ घातलं ते गाठीलाही लागलं असेल, हे त्यांच्या मनाने घेतलं होतं. मी नाही म्हटलं, शपथ घेऊन सांगितलं. त्यानंतर गावातून कलेजी आली नाही. मला तो वास नको होता, तरी रविवार आला की कसंतरी व्हायचं.

कापणं, जाळणं, अडवणं, बदलणं

आमच्या हमरस्त्याच्या एका टोकाला नागपूर, दुसऱ्या टोकाला हैद्राबाद. नागपूरच्या डॉक्टरांनी हैद्राबादला पाठवलं. तिथले डॉक्टर मला अम्मा म्हणत आणि हिंदीतून सावकाश समजावत. परत आलेल्या गाठीचे उपाय मला जसे कळले तसे लिहिते. मी डॉक्टर नाही, चूकभूल असेल.

पहिला उपाय पुन्हा कापायचा. माझं उरलेलं यकृत त्या काविळीने कडक झालं होतं. अजून कापलं तर जे उरेल ते शरीराला पुरणार नाही. दुसरा, पोटातून सुई घालून गाठ जागच्या जागी जाळायची. माझी गाठ मोठ्या रक्तवाहिनीला टेकून बसलेली, तिथे जाळणं धोक्याचं. तिसरा, जांघेतून बारीक नळी घालून गाठीला रक्त पोचवणाऱ्या वाटेत औषध सोडायचं आणि ती वाट बंद करायची. याने गाठ मरत नाही, थोपते. चौथा, सगळं यकृतच काढून दुसऱ्याचं बसवायचं, मेलेल्या माणसाचं किंवा जिवंत नातेवाइकाच्या यकृताचा तुकडा. गाठीसोबत कडक झालेलं यकृतही जातं म्हणून हाच खरा उपाय. पण गाठ मोठ्या शिरेत शिरली नाही तोवरच.

पुन्हा कापतील याची मला भीती होती. कापता येणार नाही म्हणाले तेव्हा त्याहून जास्त भीती वाटली.

तिसरा उपाय लगेच केला, चौथ्यासाठी वेळ मिळावा म्हणून. त्यानंतर ताप, मळमळ, आणि पाय हलवायचा नाही म्हणून तासन्‌तास छताकडे बघत पडणं. सगळीकडे तेलुगू. वॉर्डात फरशी पुसणारी एक बाई होती. तिचं मला कळेना, माझं तिला. एकदा तिने पोछा भिंतीला टेकवला, हात धुऊन आली आणि गुंतलेले माझे केस विंचरून वेणी घातली. मग पुन्हा फरशी पुसायला लागली. मी भिंतीकडे तोंड करून रडले.

पैशाचं इथे लिहीत नाही. ते ज्याचं त्याला ठाऊक असतं.

शीतल

यकृत द्यायला आधी शीतलचे बाबा पुढे आले. त्यांना साखर निघाली आणि यकृतावर चरबी. ते बाहेर बाकावर येऊन बसले आणि म्हणाले, "जलमभर लोकाच्या कापसाले कवडी म्हनलं. आता माह्याच माल कवडी निंघाला." आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी रुमालात तोंड घातलं.

शीतल पुण्याहून परस्पर हैद्राबादला आली. मी नाही म्हटलं. तिच्या लग्नाचं बोलणं चालू होतं, तिच्याच ऑफिसातला मुलगा, चांगला. पोटावर एवढा मोठा व्रण घेऊन पोरीने संसार सुरू करायचा? ती म्हणाली, "आई, मी तुले विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली." आणि सरळ रक्त द्यायला गेली.

आता जे लिहिते ते लिहायला बरं वाटत नाही. रक्तगट जुळला हे कळलं त्या दिवसापासून मी तोंडाने नाही म्हणत होते आणि मनात तिचं यकृत मोजत होते. डॉक्टर म्हणाले होते, देणाऱ्याचं पुन्हा वाढतं. हेच वाक्य मी स्वतःशी घोळवत असे. तिचं वाढेल, मी जगेन. मी कधी नव्हे ती पोटभर जेवले. मला जगायचं होतं, पोरीच्या अंगातलं घेऊन का होईना. आया मुलांसाठी जीव देतात असं मी अंगणवाडीत गोष्टींतून शिकवत आले. माझं उलटं झालं होतं.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना एकत्र बोलावलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. ते म्हणाले, "अम्मा, बेटी का नहीं ले सकते." कारण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, शीतलकडे बघत होते. तिच्या रक्तात तीच कावीळ होती. बहुतेक जन्मतानाच आलेली.

माझ्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी घरच्यांचं रक्त तपासा म्हणाले होते. शीतलच्या बाबांचं तपासलं, ठीक निघालं. पोरगी पुण्यात, धडधाकट, तिची तपासणी राहून गेली.

मी सेविका आहे. लसीच्या दिवशी गावातल्या बायांना घराघरातून उठवून आणते, बाळ रडलं की मांडीवर घेते. आता बाळ जन्मल्याबरोबर या काविळीची लस मिळते. शीतल जन्मली तेव्हा ती लस आमच्यापर्यंत आलेली नव्हती. आली असती तरी माझ्या अंगात काय आहे हे मला कुठे माहीत होतं? यात माझा दोष नाही, हे मला सगळ्यांनी सांगून झालं आहे. मलाही पटतं. पटून काही होत नाही.

बाहेर आल्यावर शीतल खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिला लहानपणापासून सगळे बाबांची पोरगी म्हणत. नाक त्यांचं, रंग त्यांचा, चालही त्यांची. ती न वळता म्हणाली, "लोक म्हनत, पोरीनं आईचं काईच नाई घेतलं."

त्या दिवसाहून वाईट दिवस माझ्या आयुष्यात नाही. पहिली गाठ नाही, दुसरी नाही, पुढे जे झालं तेही नाही.

भाऊ आणि भलं चिंतणारे

मग माझा धाकटा भाऊ. फोनवर लगेच हो म्हणाला. घरी आला तेव्हा बाजेच्या कडेला बसला आणि चहाचा कप तसाच बाजूला सारला. म्हणाला, "ताई, माह्ये लेकरं लहान हायेत." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि जा म्हटलं. मी त्याला समजून घेतलं असं लिहिलं तर चांगलं दिसेल. मला राग आला. अजून आहे. तो बरोबर होता हेही मला माहीत आहे, आणि राग त्यामुळे कमी होत नाही.

विहारातली मंडळी भेटायला येत. एक गृहस्थ दर वेळी सांगत, सगळं अनित्य आहे. लहानपणापासून मला ते पाठ आहे, पण पाठ असणं वेगळं आणि पोटात असणं वेगळं. दुसरे सांगत, मन खंबीर ठेवा, अर्धा आजार मनाचा असतो. मी एकदा म्हटलं, मग अर्धा तुम्ही घेऊन जा. ते पुन्हा आले नाहीत. खरंतर यायला हवे होते, त्यांच्याकडून गावातली बातमी कळायची.

मेलेल्या माणसाचं यकृत मिळावं म्हणून हैद्राबादला रांगेत नाव लावलं. फोन वाजला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत असू. कोणाच्यातरी घरी कोणीतरी मरावं आणि तो फोन आपल्याला यावा, ही वाट कशी बघायची ते मला जमलं नाही, पण बघितली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ शिरेत शिरलेली दिसली. आता कापणं, जाळणं, बदलणं काहीच नाही. रांगेतून नाव निघालं. हैद्राबादच्या डॉक्टरांनी या वेळी पाठीवर थोपटून गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांनी तळहात-तळपाय सोलून निघतात. भाकरी थापता येत नाही. शीतलचे बाबा थापतात, जाड आणि नकाशासारखी.

वाचणाऱ्यांसाठी एवढंच

ज्या घरात एकाला ही कावीळ निघाली त्या घरातल्या सगळ्यांनी रक्त तपासावं. पुण्यात आहे, धडधाकट आहे, लग्न ठरतंय, काही ऐकू नका. नसेल त्यांनी लस घ्यावी. असेल त्यांनी डॉक्टरच्या हाताखाली राहावं आणि दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना सापडली तर कापताही येते, जाळताही येते. यातलं मला वेळेवर काही मिळालं नाही. शीतलला मिळू शकतं. माझ्याकडे आता तेवढीच एक गोष्ट उरली आहे.

आणि नेमकी तीच गोष्ट शीतल ऐकत नव्हती. लग्नाचं बोलणं चालू होतं त्या मुलाला तिने स्वतःच सगळं सांगून टाकलं. लस घेतली की त्याला काही धोका नाही, हेही सांगितलं. तो विचार करून कळवतो म्हणाला. अजून विचारच चालला आहे. शीतलने पुण्याची नोकरी सोडली, घरी आली, माझ्या गोळ्या, माझं पथ्य, माझे पाय चेपणं. स्वतःच्या तपासणीचं नाव काढलं की उठून जायची. मी भांडले, तिच्या बाबांनी समजावलं. शेवटी मी जेवण बंद केलं. या अंगात उपास करणं म्हणजे काय हे तिला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी ती तयार झाली.

यवतमाळला आम्ही दोघींचा नंबर एकत्र लावला. आधी मी. माझ्या पोटात आता नवीन काय निघणार? डॉक्टरीण बाईंनी पाहिलं आणि लिहून घेतलं. मग मी उतरले आणि त्याच टेबलावर शीतल चढली. कुर्ता वर केला. तिच्या पोटावर एकही व्रण नव्हता. बाईंनी गार जेली लावली तशी ती शहारली.

मी पडद्याकडे बघत नव्हते, त्यातलं मला कळत नाही. बाईंचा चेहरा बघत होते. त्या उजव्या कुशीत थांबल्या, परत यंत्र फिरवलं, पुन्हा थांबल्या, श्वास धरायला सांगितला. मीही धरून ठेवला. मग त्या म्हणाल्या, यकृत स्वच्छ आहे. आत्ता काही नाही. आता सहा महिन्यांनी या, आणि चुकवू नका.

सहा महिन्यांनी म्हणजे कापूस वेचणीचे दिवस. हैद्राबादच्या डॉक्टरांनी मला तिथपर्यंतचं काही सांगितलेलं नाही. आणि न सांगण्याचा अर्थ आता आम्हा दोघींना कळतो.

बाई बाहेर गेल्या. शीतल टेबलावर बसून पोटावरची जेली पुसत होती. पुसून झालं तरी पुसतच होती. मी म्हटलं, बाईंनी काय सांगितलं ते ऐकलं ना, चुकवायचं नाही.

"अन्‌ तवा मी कोनासंग येऊ?" ती म्हणाली.

तिच्या बाबांसोबत, असं मी म्हणणार होते. पण ती काय विचारत होती ते मला कळत होतं.

"एकटी येजो," मी म्हटलं. "पन येजो."